महिन्याचा सगळ्यात लहान आकडा

माझी आत्या एका यानाची कारकून होती. असं म्हटलं की ती चिडायची, पण काम तेच होतं. तीस वर्षांपूर्वी सोडलेलं ते यान शेवटच्या ग्रहाच्याही पलीकडे गेलं होतं. त्यावरचं एक यंत्र अवकाशातल्या हायड्रोजनचा अतिनील उजेड मोजायचं. तो डोळ्यांना दिसत नाही, नुसते आकडे येतात. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून वर कात्री ठेवून आत्या ते तपासायची.

बहुतेक उजेड सूर्याचाच, हायड्रोजनवर आपटून मागे फिरलेला. यान लांब जाईल तसा तो कमी व्हायचा. आत्याला हवा होता दुसरा, सूर्याच्या हद्दीबाहेरून, ताऱ्यांच्या मधून येणारा. त्याच्यासाठी ती झुरायची. हो, झुरायचीच. घास हातात धरून बसली की आई विचारायची, वन्सं, पाहुणा आहे तरी कोण, आमटी गार झाली.

तिची कामाची एक रीत होती. महिन्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे यंत्राची स्वतःची कुरकुर, उजेड नसतानाही ते दाखवतं तेवढा, असं तिनेच पहिल्या वर्षी ठरवलं होतं. तो सगळ्यांतून वजा करायचा, उरलेलं ठेवायचं आणि मूळ आकडे पुसून टाकायचे, कारण टेपा मोजक्याच मिळायच्या.

मग यानावरची वीज कमी पडायला लागली आणि यंत्र बंद करायचं ठरलं. आत्याने साहेबांच्या मागे लागून एक गोष्ट पदरात पाडून घेतली: बंद करण्याआधी यंत्र यानावरच्याच एका काळ्या पत्र्याकडे वळवायचं, म्हणजे बाहेरचा उजेड आत येणार नाही आणि कुरकुर नेमकी किती ते कळेल. दुकान बंद करताना तराजू कशाला तपासतेस, असं मी म्हटलंसुद्धा. तिने लक्षच दिलं नाही.

उत्तर यायला दिवसाहून जास्त वेळ लागला. ते आलं तेव्हा मी तिचा डबा घेऊन गेले होते. आकडा आला जवळजवळ शून्य. यंत्र कुरकुरत नव्हतंच. इतकी वर्षं वजा होणारा तो लहान आकडा म्हणजे ताऱ्यांच्या मधून येणारा तोच उजेड होता.

साहेब एकदम खूश झाले. आत्याने विचारलं, परत एकदाच आकाशाकडे वळवता येईल का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. बंद करायचा हुकूम पत्र्याच्या हुकुमापाठोपाठच गेला होता. दोन्हींवर सही तिचीच होती.

मला संताप आला, कोणाचा ते कळेना. जिना उतरताना ती मधल्याच पायरीवर बसली.

“रोज येत होता गं तो,” ती म्हणाली. “आणि मीच त्याला वजा करत होते.”