वेंडेल क्रोगची पहिली रांग

थंडी चुकवायला टेक्सासच्या या समुद्रकाठी येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांत मीही एक आहे, तेव्हा आमच्या जमातीला नावं ठेवायचा मला पूर्ण हक्क आहे. उत्तरेत पहिला बर्फ पडला की आयोवा, मिनेसोटाकडून आमच्या मोटारहोमची, म्हणजे चाकांवरच्या घरांची, रांग लागते. या गाड्या लावायच्या पार्कात येऊन वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडली की एप्रिलपर्यंत आम्ही ढिम्म हलत नाही. दुपारी पत्ते, संध्याकाळी आपापला पदार्थ घेऊन हॉलमध्ये एकत्र जेवण, आणि मधल्या वेळात घरी किती बर्फ पडला हे टीव्हीवर बघून खूश होणं. एवढाच आमचा पराक्रम. पण त्यातही नाकाने कांदे सोलणारा म्हणजे वेंडेल क्रोग.

वेंडेल मिनेसोटात मक्याचं बियाणं विकायचा. रिटायर झाल्यावर विकायला काही उरलं नाही, तेव्हा तो अक्कल वाटायला लागला. दर मंगळवारी सकाळी तो हॉलमध्ये नवख्यांना धडे द्यायचा. फळ्यावर खडूने गाडी काढायची आणि ओरडायचं, "निघताना आधी वीज काढा! मग पाणी! मग नळी! अँटेना खाली, पायरी आत, आणि शेवटी गाडीभोवती एक चक्कर!" त्याची बायको आर्डिस मागे उभी राहून सगळ्यांना कॉफी द्यायची. इतकी वर्षं तिने हेच ऐकलं. स्टिअरिंगला मात्र त्याने तिला कधी हात लावू दिला नाही. "तिला अंदाज नाही," हे तो तिच्यादेखत सांगायचा, आणि ती पुढच्या कपात कॉफी ओतायची.

वेंडेलचा सगळा तोरा पहिल्या रांगेतल्या जागेचा. तिथे दारात समुद्र. पण त्या रांगेचा नियम असा की हंगाम संपायच्या आत गाडी हलली, तर जागा मागे वाट बघणाऱ्याला मिळते. त्यामुळे वेंडेल एकदा गाडी लावली की तिचं इंजिनसुद्धा सुरू करत नसे. कोणाच्या डोळ्यावर येईल म्हणे.

ऐन जानेवारीत मिनेसोटातल्या डुलूथहून फोन आला. आर्डिसची धाकटी बहीण व्हर्ना अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. मी तेव्हा त्यांच्याच छपराखाली पत्ते खेळत होते.

"वेंडेल, आपण निघू या," आर्डिस म्हणाली.

"निघू या? तिकडे नळ गोठून फुटतील गाडीचे! एप्रिलमध्ये जाऊच की."

"व्हर्ना एप्रिलपर्यंत थांबायची नाही रे."

"मग विमानाने जा."

"कानाचं ऑपरेशन झाल्यापासून मला विमान चालत नाही. विसरलास?"

"तर बसने जा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. लोर्ना, तुझा डाव."

आर्डिसचे गुडघे असे की हॉलच्या तीन पायऱ्या चढताना ती कठडा धरते. आणि हा गृहस्थ तिला दोन दिवस बसमध्ये बसायला सांगतो, तेही हातातले पत्ते खाली न ठेवता. मला इतका राग आला की मी मुद्दाम त्याचा एक्का मारला.

पुढच्या मंगळवारी वेंडेल धडे द्यायला गेला आणि आर्डिस माझ्या दाराशी आली. "लोर्ना, गाडी काढताना जरा मागे उभी राहून हाताने खुणा करशील?"

मी गेले. तिने वीज काढली, पाणी काढलं, नळी धुऊन गुंडाळून ठेवली. नळ गोठू नयेत म्हणून घालायचं गुलाबी औषध तिने तोवर ओतलंही होतं. अँटेना खाली, पायरी आत, आणि शेवटी गाडीभोवती एक चक्कर. वेंडेलचे कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि घडीची खुर्ची तिने गाडीबाहेर, रिकाम्या होणाऱ्या जागेवर नीट मांडून ठेवली.

पार्कात गाडी माणूस चालतो तितक्याच हळू न्यावी लागते, म्हणून मी माझ्या गोल्फकार्टने पुढे जाऊन हॉलच्या दारात उभी राहिले. हा तमाशा मी चुकवणार नव्हते. खिडकीबाहेरून मोटारहोम जाताना दिसलं आणि वेंडेलने खडू उगारला. "हे बघा! अँटेना खाली, पायरी आत, नळीचं झाकण बंद. याला म्हणतात शिकलेला माणूस!"

"वेंडेल," एकजण म्हणाला, "नंबरप्लेट मिनेसोटाची आहे."

"असणारच! आमच्याकडची माणसं हुशार."

"आणि स्टिअरिंगवर आर्डिस आहे."

वेंडेल खडूसकट बाहेर पळाला. पण गाडीमागे नाही. जागेकडे! कोणी घुसायच्या आत तो त्या खुर्चीवर जाऊन बसला.

पार्क चालवणाऱ्या ट्रेव्हिन्यो बाई आल्या. "मिस्टर क्रोग, जागा गाडीसाठी असते, खुर्चीसाठी नाही."

"गाडी सर्व्हिसिंगला गेली आहे."

"कुठे, मिनेसोटाला?"

शेवटी बाईंनी त्याला गाडी परत आणायला शनिवारपर्यंत मुदत दिली. त्याने कोणाचा तरी तंबू मागून आणला आणि जागा राखत बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तंबूचे खुंटे कसे ठोकावेत ते सांगायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

शुक्रवारी दुपारी आर्डिसचा मला फोन आला. व्हर्ना सकाळी गेली होती. "पण मी वेळेत पोचले, लोर्ना. तिने ओळखलं मला. काल तिची वेणी घातली मी." मग ती जरा वेळ नुसती रडली. मीही रडले.

"वेंडेलला काय सांगू?"

"माझा फोन आला होता, एवढंच सांग. तो आधी काय विचारतो ते मला कळव. व्हर्नाचं विचारलंन, तर मी त्याला न्यायला येते."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर इथे बर्फ फार आहे गं."

मी कॉफी घेऊन तंबूपाशी गेले. त्याच्या हातात कप दिला, स्वतः खाली बसले आणि म्हटलं, "आर्डिसचा फोन आला होता."

वेंडेल उठून उभा राहिला. विचार रे बाबा, मी मनात म्हणत होते, एकदा तरी विचार.

"नळ फुटले ना?" तो म्हणाला. "मी सांगत होतो!"

मी त्याच्या हातातून कप काढून घेतला, उरलेली कॉफी वाळूत ओतली आणि घरी येऊन डुलूथला फोन लावला.

"नळ?" आर्डिसने विचारलं.

"नळच," मी म्हटलं.

शनिवारी पहिल्या रांगेत नेब्रास्काचं एक जोडपं आलं. मला राहवलं नाही, मी वेंडेलला मिनेसोटाच्या दोन दिवसांच्या बससाठी स्टँडवर सोडायला गेले. बसमध्ये चढताना तो ड्रायव्हरला सांगत होता, "निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारावी."