गच्चीवरच्या फेऱ्या

समोरच्या गच्चीवर एक बाई रोज संध्याकाळी साडीवर पांढरे बूट घालून चालते. तिला मधुमेह आहे. दोन फेऱ्या झाल्या की खालून नवऱ्याची हाक येते, "अगं, माझा टॉवेल कुठंय?" आज तर चौथ्या हाकेला ती बूट काढूनच खाली गेली.

माझं डोकंच फिरलं. हे चालणं तिचं औषध आहे, आणि घरच्यांना तो रिकामा वेळ वाटतो! गोळी तोंडात टाकताना कुणी तिचा हात धरतं का? उद्या शुगर वाढली की हेच लोक म्हणणार, "तू चालतच नाहीस."

संतापून हे सांगायला मी बायकोला हाक मारली. ती खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होती. जिना चढून वर आली. तिलाही मधुमेह आहे.

"काय हवंय?" दारात बूट काढत तिने विचारलं.