आक्काचा संशय

"पटंना गं मला."

असं म्हणत ती समोरच्या पोरीची हनुवटी दोन बोटांत धरायची आणि तोंड उजेडाकडं वळवायची. वांगी घेताना बायका देठ बघतात, तसं ती डोळे बघायची. पटलं तर गेट उघडायचं, नाहीतर प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या हॉस्टेलच्या गेटावर बसणारी ही बाई. वॉर्डनपासून मेसच्या आचाऱ्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे.

तुम्ही हॉस्टेलात राहिला असाल तर म्हणाल, त्यात काय एवढं, गेटावरच्या बाईचं कामच ते. थांबा जरा. आमच्या आक्काचा संशय पगारापुरता नव्हता. कॉरिडॉरमध्ये पाणी शुद्ध करायचं नवं मशीन बसवलं, तर त्यातलं पाणी घेऊन ती शेगडीवर उकळायची आणि मग प्यायची. कुणाचं पार्सल आलं की कानाशी धरून हलवून बघायची. मोबाइलवर कुणी पाऊस नाही असं दाखवलं, की मुद्दाम छत्री घेऊन बाहेर पडायची. स्टुडंट सपोर्ट सेलनं भिंतीवर एका हसऱ्या मुलीचं पोस्टर लावलं, 'मन मोकळं करा' म्हणून. आक्का त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं हसायला झालंय काय हिला?"

मी निपाणीची. वडलांचं किराणा दुकान. माणसावर एकदम भरवसा ठेवायचा नाही, हे मीही घरूनच शिकून आले होते. पहिल्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं की ही बाई वॉर्डनची खबरी आहे. खोलीतल्या पोरींनाही ते पटलं. मग आम्ही डाव टाकला. आमच्यातल्या एकीचं गुपचूप लग्न ठरलंय, अशी पुडी आक्काच्या कानावर जाईल अशा बेतानं सोडली आणि वॉर्डन कधी बोलावते याची वाट बघत बसलो. बोलावणं काही आलं नाही. चार दिवसांनी आक्काच जिन्यात गाठून म्हणाली, "लग्न ठरलेली पोरगी सकाळी केस न विंचरता नाष्ट्याला येत न्हाय. तुमचं ते पटंना." आणि निघून गेली. आमचीच तोंडं बघण्यासारखी झाली.

तिची खरी करामत मात्र दोन भाषांची. आपल्या या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर असतात, कुणाचं एक पक्कं तर कुणाचं दुसरं. आक्काचं माहेर कन्नड, सासर मराठी. तिला दोन्ही सारखीच. ती सगळं आधी मराठीत विचारायची, आणि माणूस जरा सैल झाला की तेच पुन्हा कन्नडात. खोटं बोलणारा एकाच भाषेत ठरवून येतो, असं तिचं म्हणणं. एकीला भेटायला तिचा 'मावसभाऊ' आला होता. मावशीचं नाव, गाव, शेत किती, सगळं दोघांनी पाठ केलेलं. आक्कानं मान डोलावली, बसायला खुर्ची दिली आणि सहज विचारलं, "नी यार मगा?" म्हणजे तू कुणाचा मुलगा. त्यानं बेसावधपणे खऱ्या आईचं नाव सांगून टाकलं. बिचारा पुन्हा कधी दिसला नाही.

पण हीच बाई, मी इंटर्नलला नापास झाले तेव्हा, डोकं दुखतंय म्हणून जेवत नाही, हे माझं कारण न पटल्यामुळं भात-आमटीचं ताट घेऊन वर आली. समोर बसून राहिली. सगळं ऐकून घेतलं आणि ताट रिकामं झाल्यावरच उठली. त्या दिवसापासून माझा तिच्याबद्दलचा संशय संपला, असं म्हणायला हरकत नाही. सपोर्ट सेलची मॅडमही चांगली होती, अगदी मनापासून विचारायची. पण तिथल्या सोफ्यावर बसलं की आमच्या तोंडून आपोआप 'बरं आहे मॅडम' असंच निघायचं, आणि मॅडमला ते खरं वाटायचं.

आता पूनमचं सांगते, कारण आक्काचं सगळं त्या पोरीपाशी येऊन थांबलं.

पूनम बेळगुंदीची. शेतकऱ्याचं घर, एम.एस्सी.पर्यंत पोहोचलेली घरातली पहिली मुलगी. कन्नड तिला बसवरची पाटी वाचण्यापुरतं. चुलते तिच्या लग्नाच्या मागे हात धुऊन लागलेले, आणि त्यांना अडवून धरलं होतं एकट्या आजीनं. पोरीचं शिक्षण होईपर्यंत या घरात लग्नाचं नाव काढायचं नाही, असं आजीनं बजावलं होतं. पूनमनं हे सगळं आक्काला सांगून ठेवलेलं. घरचं कुणी मला न्यायला आलं तर जाऊ देऊ नका, आधी नीट विचारा, असंही सांगितलेलं. आक्काला असली जबाबदारी दिली म्हणजे मग बघायलाच नको.

एके दुपारी चुलते मोटरसायकलवर आले. वॉर्डन कसल्याशा मीटिंगला गेली होती. चुलते म्हणाले, आजीला बरं नाही, लई सिरीयस आहे, पोरीला न्यायला आलोय. पूनम ऐकूनच रडायला लागली. आक्कानं चुलत्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि नेहमीप्रमाणं कन्नडाकडं वळली, "अज्जी हेंग अदार?" आजी कशी आहे?

चुलत्यांनी एकदा पूनमकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "अज्जी आराम आद्ळु."

त्यांच्या मनात काय होतं ते आम्हाला नंतर कळलं. आपल्याकडं मयताची बातमी घरच्या पोरीला तोंडावर सांगत नाहीत. सिरीयस आहे म्हणायचं, घरापर्यंत न्यायचं, मग दारातली माणसं बघून तिचं तिलाच कळतं. पूनमला कन्नड येत नाही, तेव्हा गेटावरच्या बाईला खरं काय ते सांगून टाकावं, असा त्यांचा विचार. पण त्यांचं कन्नड बाजारातलं. मेली हा शब्द काही आला नाही, किंवा स्वतःच्या आईबद्दल तो तोंडातून निघाला नाही. म्हातारी सुटली, तिला आराम पडला, असं त्यांना म्हणायचं होतं. इथल्या कन्नडात मात्र त्याचा एकच अर्थ होतो. आजी बरी झाली.

आक्का ताडकन उठली. "मराठीत सिरीयस आणि कन्नडात ठणठणीत? पटंना मला."

चुलते गडबडले, मग चिडले, आणि शेवटी सरळच म्हणाले की बाई, गेली म्हातारी, मातीला थांबलेत लोक. आक्का म्हणाली, आधी सिरीयस, मग बरी, आता गेली. अजून काय राहिलंय? तिनं गेटाला कुलूप घातलं. पूनमनं वडलांना फोन लावला, आईला लावला. नुसती रिंग जात होती. मयताच्या घरात फोनकडं कोण बघतंय. चुलते थोडा वेळ थांबले, एकदा गेटावर हात आपटला आणि निघून गेले. आम्ही सगळ्या मनातल्या मनात आक्काला शाबासकी देत होतो, हेही सांगितलं पाहिजे.

दिवस कलायच्या आत वडलांचा फोन आला. आजी खरंच गेली होती, माती झाली होती.

पूनम पायरीवर बसली. आक्का पाणी घेऊन आली तर तिनं तोंड फिरवलं. आक्कानं रिक्षा बोलावली, पूनमला आत बसवलं, सोबतीला मला बसवलं. तुम्हीही चला म्हटलं तर म्हणाली, "कुठल्या तोंडानं येऊ?" रिक्षा वळेपर्यंत ती तांब्या हातात धरून उभीच होती.

चुलत्यांनी तक्रार केली. सपोर्ट सेलमध्ये आक्काला बोलावलं, साक्षीला मलाही. मॅडमनं आवाज चढवला नाही. मुली मोठ्या आहेत, त्या आणि त्यांच्या घरचे सांगतात ते खरं धरून चालायचं, संशय घेतला की मुलींच्या मनावर परिणाम होतो, असं समजावून सांगितलं. यात मॅडमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घडलं होतं ते बघता कुणीही हेच सांगितलं असतं. आक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

आणि तिनं ते ऐकलं हो! तिनं संशय घेणंच सोडून दिलं. हनुवटी धरणं बंद. लायब्ररीला जाते म्हटलं की, बरं. मैत्रिणीकडं राहते म्हटलं की, बरं. मावसभाऊ पुन्हा उगवायला लागले, तर त्यांनाही बरं. पोरी आधी खूश झाल्या. मग हळूहळू काहीतरी बिनसल्यासारखं वाटायला लागलं. मी एकदा ताप अंगात घेऊन तिच्यासमोरून गेले. काय गं, बरी आहेस ना, म्हणाली. हो म्हटलं. तर तिनं ते खरं मानलं! मला इतका राग आला की काय सांगू. खोलीत जाऊन मी भिंतीकडं तोंड करून रडले.

पूनम बारावं झाल्यावर परत आली. काही दिवस आक्काशी बोलली नाही, मग बोलायला लागली. आजीला शेवटचं बघायला मिळालं नाही हे तिच्या मनात होतंच, पण आक्कावर तिनं दावा धरला नाही. उलट आक्काच तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायची. इकडं घरी नवीनच विषय निघाला होता. म्हातारं माणूस गेलं की वर्षाच्या आत घरात लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आजी होती तोवर लग्न अडलं होतं, आणि आता आजीच्याच नावानं घाई चालली होती. पूनम म्हणायची, बाबा तयार नाहीत, काही होत नाही.

एका सकाळी चुलते पुन्हा आले. या वेळी गाडी घेऊन, आणि पूनमच्या आईलाही घेऊन. घरी पूजा आहे, दोन दिवसांत आणून सोडतो म्हणाले. मी मेसमधून येत होते. पूनम बॅग घेऊन गेटात उभी होती. तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला, मग पुन्हा काढला, पुन्हा घातला. आक्का स्टुलावर बसलेली. ना चुलत्यांना काही विचारलं, ना पोरीला. पूनम म्हणाली, "जाऊ का आक्का?"

आक्का म्हणाली, "व्हय बाई. जा की."

ती परत आली नाही. पुढच्या आठवड्यात लग्न झालं, घरातल्या घरात, चार माणसांत. तिची पुस्तकं, लॅबचा पांढरा कोट आणि गादी न्यायला तिचा भाऊ आला. आक्कानं त्याला सामान उचलून द्यायला मदत केली. महिना संपायच्या आत तिनं काम सोडलं आणि नंदगडला भावाकडं जाऊन राहिली. गेटावर नवी मुलगी आली. हसतमुख होती, सगळ्यांना ताई म्हणायची आणि कुणालाही काही विचारायची नाही.

बऱ्याच दिवसांनी सासरहून पूनमचा फोन आला. शिक्षणाचं विचारलं, तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात, म्हणाली. मग एकदम बोलली.

"आईचं तोंड बघूनच मला कळलं होतं गं, पूजा न्हाय ते. पण आईसमोर आपल्या तोंडानं न्हाय म्हणायचं धाडस होईना. म्हटलं, आक्का विचारतील. एकदा विचारलं असतं तर सगळं सांगणार होते. त्यासाठीच थांबलेले गेटात."

मी फोन ठेवला.

त्यानंतर खानापूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून नंदगडला आक्काकडं गेले. घराच्या पुढच्या सोप्यात मेथी निवडत बसली होती. अंगानं वाळली होती. मला बघून खूश झाली, भावजयीला चहा टाकायला लावला, वॉर्डनची, आचाऱ्याची, एकेका पोरीची चौकशी केली. पूनमचं नाव तेवढं काढलं नाही. मी निघायला उठले तेव्हा मेथीच्या जुडीकडं बघतच म्हणाली, "ती पूनम कधी बोलली का गं, माझ्याबद्दल?"

"बोलती की," मी म्हटलं. "आक्कानं लई जीव लावला, म्हणती. सुखात हाय ती."

"बरं झालं गं बाई," आक्का म्हणाली. तिनं सुस्कारा सोडला, तोंडावर जरा हसू आलं.

मी उंबऱ्यात उगाच थोडी थांबले. पण तिनं वर बघितलं नाही. पुढची जुडी सोडली आणि निवडायला लागली.