भोंग्यापर्यंत सोडलेले बोंबील

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातलेत, पण हा त्या सगळ्यांचा बाप.

आधी संपाच्या वेळचं सांगते. आमच्या ह्यांची मिल बंद पडली तेव्हा मी गणपतीपुढे बोलून बसले, की मिलचा भोंगा पुन्हा वाजेपर्यंत बोंबील खाणार नाही. पापलेट सोडलं असतं, पण ते परवडतच नव्हतं. देवाला काय फसवायचं? पुढे हे भायखळ्याच्या मार्केटात भाजी विकता विकता म्हातारे झाले. आता रोज चारला पाय मोकळे करायला जातात. मी बोंबील तळते, त्यांना वाढते आणि स्वतः वरणभात जेवते. वर्षं कधी मोजली नाहीत. मोजली की देवाला घाई केल्यासारखं होतं.

तर गेल्या महिन्यात आमची सून मीनल मला लालबागच्या फूड वॉकला घेऊन गेली. म्हणजे काय, तर एका छत्रीवाल्या मुलीमागून चालायचं, ती थांबेल तिथे खायचं आणि आपल्याच गल्लीची माहिती तिच्याकडून ऐकायची. चिवडा झाला, खाजं झालं. शेवटचा थांबा कुठे? ह्यांच्याच मिलमध्ये. आत हॉटेल झालंय. कापड विणायचे साचे होते तिथे टेबलं. आणि माझ्यापुढे आले रवा लावलेले बोंबील.

मी बशी सरकवली. मीनल म्हणतेय, एक तुकडा घ्या, मी मान हलवतेय, आणि तेवढ्यात डोक्यावर भोंगा वाजला. तोच. ह्यांना पाळीला बोलावणारा.

मी उभीच राहिले. डोळ्यांना धारा. बोंबील कपाळाला लावला आणि खाल्ला. मग आणखी पाच. मीनल काहीतरी सांगत होती, पण मी कुठली ऐकतेय? दोन ह्यांच्यासाठी कागदात बांधले आणि गेटबाहेर धावले.

तर हे समोरच्या कट्ट्यावरच बसलेले, जुन्या खात्यातल्या तुकारामभाऊजींबरोबर.

"अहो, भोंगा वाजला! मिल सुरू झाली!"

हे मान वर करीनात. मागून मीनल धापा टाकत आली. हॉटेलवाले रोज पाचला भोंगा वाजवतात म्हणे, समोरच्या कट्ट्यापलीकडे ऐकू जाणार नाही इतपत. त्यानंतर तासभर दारू अर्ध्या किमतीत.

कागद हातात अजून गरम होता. एवढ्या वर्षांचा नवस मी दारूच्या भोंग्यावर सोडला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन वर्षं झाली. रोज येतो ना ऐकायला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

हे कागदाकडे बघत राहिले. "सांगितलं असतं तर तू बोंबील खाल्ले असतेस. मग देवापुढे आमच्या मिलचं नाव कोण काढणार होतं?"

मी कागद दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवला. तुकारामभाऊजींनी कागदातला एक बोंबील उचलला, सावकाश चावला.

"वहिनी, देवाला बोल लावू नका," ते म्हणाले. "तुम्ही भोंगा मागितलात, त्याने भोंगा दिला. मिल मागायची होती."