रविवारच्या इंग्रजी खेळाचा मराठी खुलासा

इंग्रजी चित्रपटांतला बर्फ मक्याच्या पोह्यांचा असे. पोह्यांना पांढरा रंग द्यायचा, वरून भुरभुरायचे आणि नायक-नायिकेनं त्यांच्यावरून चालत एकमेकांना प्रेमाचं काहीतरी सांगायचं. पायाखाली पोहे इतके कुरकुरत की बोलणं ऐकू येत नसे. मग ते बोलणं नंतर बंद खोलीत पुन्हा म्हणून घ्यावं लागे. ही माहिती मी हैदराबादेत मराठीतून छापली. तसल्या माहितीमुळे एक मराठी कागद आधी टिकला आणि मग तसल्याच माहितीमुळे बंद पडला. दोन्ही वेळा जबाबदार मीच होतो.

चिक्कडपल्लीहून पायी जाण्याच्या अंतरावर एक टॉकीज होतं. तिथं रविवारी सकाळी दहाला इंग्रजी खेळ लागे. बघायला येणाऱ्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी कळत नसे, म्हणून दारात तीन स्टुलं आणि त्यांवर तीन गठ्ठे असत. उर्दू, तेलुगू आणि मराठी. एका कागदावर चित्रपटाची सबंध गोष्ट, शेवटासकट. याला खुलासा म्हणत. लोक आत शिरताना तो उचलत, दिवे जायच्या आत वाचून काढत आणि पुढे काय होणार हे ठाऊक असल्याच्या समाधानात चित्रपट बघत. शेवट आधी सांगितला म्हणून कुणी रागावत नसे. सांगितला नाही तर मात्र रागावत.

उर्दू खुलासा एक मुन्शीजी लिहीत. साठी उलटलेली, दिवसभर अदालतीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. तेलुगू खुलासा लिहिणारे शाळामास्तर होते, फार कमी बोलत. मराठी लिहिणाऱ्या गृहस्थांची औरंगाबादेला बदली झाली आणि काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात होतो आणि कॉलेज सोडून उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहीत होतो. हैदराबाद राज्याचे तुकडे होणार हे आता दिसत होतं. मराठवाडा सबंध मराठी राज्यात गेला पाहिजे ही आमची मागणी होती आणि ती मी रोज नव्या शब्दांत मांडत होतो. पत्रकाची भाषा मला येत होती. दुसरी येत नव्हती.

मी रुजू झालो त्याच दिवशी मॅनेजर म्हणाला, "तुम लोगां तो जा रहे ना? फिर मराठी कागज किसकू?"

त्यानं हे काही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. मराठी गठ्ठा खेळानंतर अर्धा तसाच पडलेला असे, तो त्यानं मला दाखवला. शेवटी ठरलं ते असं. तीन रविवार मला मिळणार. मध्यंतरापर्यंत मराठी स्टूल रिकामं झालं तर कागद राहील, नाहीतर स्टूल आत जाईल.

मला हे फार लागलं. आज टॉकीजच्या दारातून मराठी अक्षर गेलं की उद्या ते जामबागेतल्या मराठी शाळेच्या फळ्यावरून जाणार, असं मी मुन्शीजींना सुनावलं. त्यांनी पान तोंडात ठेवलं आणि म्हणाले, "मियाँ, आप छे दिन चिल्लाते कि हमकू जाने दो. सातवें दिन चिल्लाते कि हमारा स्टूल नक्को हटाओ. एक कुछ तो बोलो."

"प्रदेश जाणार आहे, मुन्शीजी. इथली माणसं इथंच राहणार."

"हौ, मेरेकू समझता. मैनेजर कू समझाओ."

नुसती गोष्ट सांगून गठ्ठा उचलला जाणार नाही हे उघड होतं. कोठी भागात फूटपाथवर जुनी इंग्रजी सिनेमासिकं मिळत. पानं सुटलेली, कुणा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून रद्दीत आलेली. त्यांतून मी माहिती काढली आणि खुलाशाखाली एक चौकट सुरू केली. तिचं नाव ठेवलं 'पडदा फाडा'. लिहिलं पत्रकासारखंच, कारण तेवढंच येत होतं. बंधूंनो, ज्या बर्फाकडे बघून तुम्ही शहारलात तो बर्फ नव्हता. भगिनींनो, मोटार धावत नाही. ती जागेवर उभी असते, मागच्या पडद्यावर रस्ता पळतो आणि दोन नोकर मोटार हलवतात. घोडेस्वारांच्या गावाला घरं नसतात, नुसत्या दर्शनी भिंती असतात आणि मागून टेकू. दारूच्या गुत्त्यात डोक्यावर फुटणारी बाटली साखरेची. बुटक्या नायकाला नायिकेजवळ उभं करायचं तर पायाखाली खोकं. फसवणूक, फसवणूक आणि फसवणूक.

लोकांना फसवणुकीचा संताप आला नाही. त्यांना मजा वाटली. पहिल्याच रविवारी मध्यंतरात चहाच्या गाड्यापाशी माझी चौकट मोठ्यानं वाचली जात होती.

"बाटली साखरंची म्हणं. मंग मार खाणाऱ्याला गोडच लागत असंल."

"काळ्यापांढऱ्या चित्रात पांढरा सदरा डोळ्यावर येतो म्हणून पिवळट रंगवतात, असं लिहिलंय."

"आमचा धोबी न सांगता करतो."

पडद्यावरच्या नवरा-बायकोला एका खाटेवर झोपायची तिकडं बंदी आहे, दोन खाटा लागतात, हे दुसऱ्या रविवारी छापलं. त्यावर नल्लकुंट्याच्या एक बाई आपल्या जावेला म्हणाल्या, "दोन खोल्यांत आठ माणसं असल्यावर कायदा आपोआप पाळला जातो, बाई." जाऊ पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

दोन्ही रविवारी मराठी स्टूल मध्यंतराच्या कितीतरी आधी रिकामं झालं. मॅनेजरनं ते पाहिलं. एक रविवार उरला होता.

खुलासा लिहिण्याची रीत अशी होती. शनिवारी सकाळी ऑपरेटर रिकाम्या टॉकीजमध्ये चित्रपट एकदा चालवून बघे. आम्ही तिघं खाली बसून टिपणं घेत असू, दुपारी मजकूर छापखान्यात जाई, संध्याकाळी गठ्ठे तयार. पण ऑपरेटर गोष्ट बघत नव्हता. फिल्म कुठं तुटली आहे, कुठं सांधा सुटतोय, एवढंच तो बघे. त्यामुळे पेटीतून जो डबा आधी हाताला लागेल ते रीळ आधी चढे. रिळांचा खरा क्रम तो नंतर लावी. म्हणून मुन्शीजी आणि मास्तर चित्रपट संपला की वर केबिनमध्ये जात आणि कुठलं रीळ कितवं ते विचारून येत. मला ते दर वेळी "चलो, ऊपर" म्हणत. मला वाटे, चहाबिडीला चाललेत. मला चहाबिडीला वेळ नव्हता, मला सभा होती. पहिल्या दोन शनिवारी डबे योगायोगानं क्रमानं निघाले.

तिसऱ्या शनिवारी निघाले नाहीत. चित्रपट गुन्हेगारीचा होता. त्यातला नायक जवळजवळ शेवटी गोळी लागून इस्पितळात मरतो, आणि अखेरच्या रिळात त्याची बायको काळ्या कपड्यांत स्टेशनवर एकटी उभी असते. मी पाहिलं ते असं, की नायक अर्ध्यावर मेला, पुढच्या रिळात फुलं विकत घेताना दिसला, मोटार चालवली, भांडला, हसला, आणि मग ती बाई स्टेशनवर. मी भारावून गेलो. मरण आधी आणि जगणं नंतर, असं मी पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. 'पडदा फाडा' या वेळी फसवणुकीवर नव्हतं. मी लिहिलं की ही मांडणीची नवी पद्धत आहे, दिग्दर्शकानं जाणूनबुजून काळ उलटा फिरवला आहे, आणि ज्याला हे कळणार नाही त्यानं दोष स्वतःकडे घ्यावा. खाली ठळक अक्षरांत सूचना टाकली. नायक मेला म्हणून कुणी जागा सोडू नये. तो परत येतो, आणि खरं चित्र तिथूनच सुरू होतं.

रविवारी मराठी गठ्ठा खेळ सुरू व्हायच्या आत संपला. लोक कागदासाठी एकमेकांच्या खांद्यावरून हात घालत होते. मॅनेजरनं माझ्याकडे बघून मान हलवली. कागद टिकला, असं मी धरून चाललो.

नायक मेला तेव्हा मी दाराशी उभा होतो. स्टेशन आलं, काळे कपडे आले, गाडी आली आणि पडद्यावर समाप्तीची अक्षरं आली. नायक परत आलाच नव्हता. उर्दू आणि तेलुगू खुलासा वाचून आलेले प्रेक्षक उठून निघाले. मराठी माणसं बसून राहिली. दिवे लागले तरी बसून राहिली.

झाडूवाला आत आला तसे नल्लकुंट्याचे एक हेडक्लार्क उठले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात माझा कागद. त्यांच्यामागून बाकीचे. सरळ मॅनेजरच्या खोलीत.

"आमचं रीळ कुठं आहे?" हेडक्लार्क म्हणाले.

"कौनसी रील, साब?"

"मेलेला माणूस परत येतो ते."

मॅनेजर म्हणाला, की साहेब, बाकीचे सगळे घरी गेले, त्यांची काही तक्रार नाही.

"त्यांची कशी असंल? त्यांच्या कागदात लिहिलंच नाही. आमच्या कागदात आलं म्हणून आम्हांला कळलं."

मागून कुणीतरी म्हणालं, "सिकंदराबादेत पूर्ण दाखवलं असंल." दुसरं कुणी म्हणालं, "जाणारी माणसं आहेत, एक रीळ कमी दाखवलं तर काय बिघडतं, असं वाटलं असंल यांना." हे वाक्य माझं होतं. म्हणजे शब्द वेगळे होते, पण बांधणी माझ्या पत्रकांची होती. ते मला लगेच ओळखू आलं.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ऑपरेटर जिन्यात उभा राहून सगळ्यांकडे बघत होता. गप्प राहिलो असतो तर कागद शंभर टक्के राहिला असता, कदाचित दुसरा गठ्ठाही मिळाला असता, आणि शिव्या ऑपरेटरला बसल्या असत्या. हा विचार मी केला. केला नाही असं लिहिणार नाही.

मी पुढे होऊन म्हणालो, "रीळ गेलेलं नाही. चूक माझी आहे. मी क्रम न विचारता लिहिलं."

हेडक्लार्कांनी माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. "तुम्ही गप बसा, भाऊ. तुमच्यावर दाब आलाय हे आम्हांला दिसतंय."

"दाब नाही हो. खरंच चुकलं."

"मग छापलं कसं?"

आपल्याच माणसाच्या तोंडून आपली चूक कबूल करून घेतील तेव्हा विश्वास ठेवू नका, असं मी मागच्याच आठवड्याच्या पत्रकात लिहिलं होतं.

शेवटी मुन्शीजींनी हेडक्लार्कांना हाताला धरून वर केबिनमध्ये नेलं. ऑपरेटरनं एक रीळ उलगडून पट्टी खिडकीशी धरली. हेडक्लार्कांनी चष्मा वर करून बोटभर चौकटींत तो माणूस खाटेवर पडलेला पाहिला.

"हा मेलेला. जिता कुठाय?"

ऑपरेटरनं दुसरी पट्टी धरली. "ये जिंदा है. पर ये पहले का है, साब. मरने के बाद का कुछ हैइच नहीं."

हेडक्लार्कांनी दोन्ही पट्ट्या पाळीपाळीनं पाहिल्या. मग कागदाची घडी करून कोटाच्या खिशात ठेवत म्हणाले, "एक मराठी ऑपरेटर ठेवा म्हणजे असे घोळ होणार नाहीत," आणि निघाले. त्यांचं समाधान झालं की नाही ते मला अजून ठाऊक नाही. बाकीचे त्यांच्यामागे गेले.

मॅनेजरनं मला बसवून घेतलं, पाणी दिलं. मी विचारलं, "मग तीन रविवार झाले. स्टूल तिन्ही वेळा रिकामं झालं."

"हौ. तुमारा कागज लोगां पढते. पैले नहीं पढते थे तो मेरेकू कुछ डर नहीं था." त्यानं मराठी स्टूल उचलून आपल्या टेबलाखाली सरकवलं. "अब बंद."

मी भांडलो. अन्याय हा शब्द बहुतेक चार वेळा वापरला. जिन्यात मुन्शीजी भेटले. काही टोमणा मारतील म्हणून मी तयार होतो, पण ते एवढंच म्हणाले, "ऊपर बुलाया था मियाँ आपकू. तीनों बार."

घरी जाऊन मी टॉकीजविरुद्ध पत्रक लिहायला बसलो. दोन पानं झाली. मग नेमकं काय घडलं ते लिहायची वेळ आली, तिथं लेखणी थांबली, आणि ते पत्रक तसंच राहिलं.

पुढच्या रविवारी गेलो ते बघायला, की मराठी माणसं आता काय करतात. माझी अपेक्षा होती की निदान विचारतील. दोघा-तिघांनी विचारलंही, कागद संपला का म्हणून. मी बंद झाला म्हटल्यावर "अरेरे" म्हणाले आणि आत गेले. माझ्या पुढच्या रांगेत चिक्कडपल्लीचे एक कारकून सहकुटुंब बसले होते. त्यांनी तेलुगू खुलासा उचलून आणला होता आणि तो नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या हातात दिला होता. ती तेलुगूत ओळ वाची आणि आईबापांना मराठीत सांगे. भरभर, न अडखळता. मधे आई म्हणाली, "बर्फाचं काही लिहिलंय का गं?"

"नाही. नुसती गोष्टच आहे."

"बरं. शेवटी मरतो का?"

मुलीनं कागद उलटा करून पाहिला, परत सरळ केला आणि बोट ठेवून खालची ओळ वाचली. "नाही, आई. लग्न होतं."

दिवे गेले. शेवटी लग्न झालं.