बसलेल्या माणसाची खिडकी

गल्लीत तिला सगळे फिरकी म्हणतात. हे नाव काही कुणी लाडानं ठेवलेलं नाही. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती, तेव्हा तिथल्या मालकानं ठेवलं. गिऱ्हाईक नसलं की ही दुकानाच्या कॉम्प्युटरसमोर बसायची, एक रिकामी खोली उभी करायची आणि ती गोल गोल फिरवत राहायची. मालक खेकसला, "काय गं फिरकी, पडदे मोजायचे सोडून लोकांची घरं गरगरा फिरवतेस होय?" दुसरी एखादी खाली मान घालून बसली असती. हिनं ते नाव उचललं आणि पुढं स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा दारावरच्या पाटीवर तेच रंगवलं. चिडवणाऱ्याच्या हातातली काठी काढून घ्यायची आणि तीच टेकत ऐटीत चालायचं, ही तिची पहिल्यापासूनची खोड.

तिचं काम म्हणजे जी खोली अजून बांधलीच नाही, ती आतून दाखवायची. नकाशावर नुसत्या रेघा असतात. त्या रेघांवरून ती कॉम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करते, छत टाकते, फरशी अंथरते, खिडकीबाहेर सूर्य टांगते. सकाळचा हवा तर सकाळचा, उतरतीचा हवा तर उतरतीचा. मग खोलीत एका जागी कॅमेरा ठेवायचा. खरा नव्हे, कॉम्प्युटरमधलाच. त्या जागेवरून चारी बाजू, वरचं छत, खालची जमीन असं सगळं चित्र तयार होतं. ते मोबाइलवर आलं की बोटानं सरकवायचं, आणि माणूस खोलीच्या मधोमध उभा राहून सगळीकडे बघून घेतो.

हे ती कुठल्या क्लासात शिकली नाही. फुकटचे व्हिडिओ बघून, चुकून, कॉम्प्युटरला शिव्या घालून शिकली. "कुठून शिकलात?" असं कुणी विचारलं की ती म्हणते, "भांडून." खोटं नाही ते. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण काम असं की नकाशे काढणाऱ्या बाई, म्हणजे शहरातल्या चांगल्या नावाजलेल्या आर्किटेक्ट, बाकी सगळ्यांना सोडून हिच्याकडे यायच्या. भिंतीला लागलेलं ऊन हिच्या चित्रात ऊनच वाटायचं, पिवळा रंग नाही.

तर अशा या फिरकीकडे एके दिवशी तिच्याच वस्तीची खोली आली.

जुनी वस्ती पाडून तिथंच चार मजली इमारत होणार होती. वस्तीनं मोर्चे काढले होते, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, आणि एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. खोलीचा नकाशा वस्तीनं सभेत हात वर केल्याशिवाय पक्का व्हायचा नाही. एकदा हात वर झाले की खिडक्या-दारांची ऑर्डर जाणार, मग कुणी कितीही डोकं आपटलं तरी बदल नाही. त्या सभेत खोली दाखवायचं काम बाईंनी फिरकीला दिलं.

फिरकीची छाती अशी फुगली की विचारू नका. इतकी वर्षं दुसऱ्यांची घरं फिरवली, आता आपलं! जीव ओतून काम केलं. पांढऱ्या भिंती, करड्या रंगाचा सोफा, कोपऱ्यात कुंडी, कॅमेरा बरोब्बर मधोमध, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. सगळीकडे असंच करतात. मोबाइल घेऊन ती घरोघर फिरली. लोकांचे डोळे विस्फारले. शेजारचे गवंडीकाका, ज्यांनी अर्ध्या शहराच्या भिंती रचल्या, ते सुद्धा म्हणाले, "पोरी, एवढ्याशा खोलीत तू मैदान घातलंस की गं!"

बिल्डरचा माणूस तर खूश. त्याला वस्तीत इस्त्री म्हणत, कारण त्याच्या शर्टाला सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती आणि चेहऱ्यालाही. तो म्हणाला, "झकास. हेच दाखव. लोक डोळे मिटून हात वर करतील."

उरली होती आई.

आई बॅगा दुरुस्त करते. शाळेची दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, तुटक्या चेनी, निसटलेले पट्टे. बुटक्या स्टुलावर बसायचं, बॅग दोन गुडघ्यांत आवळायची आणि टोच्यानं भोक पाडत दोरा ओढायचा. बसायची जागा दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, कारण घरात उजेड तेवढाच. याच स्टुलावर बसून तिनं फिरकीला आणि तिच्या धाकट्या भावाला वाढवलं. फिरकीचा पहिला कॉम्प्युटरही याच स्टुलावरून आला.

"आई, बघ तरी."

"हात काळे आहेत माझे. तूच फिरव."

फिरकीनं फिरवलं. आईनं तोंडातला दोरा काढला, नीट पाहिलं आणि विचारलं, "मी उभी का आहे?"

"म्हणजे?"

"या खोलीत मी उभी आहे ना? मधोमध? पाहुणी आल्यासारखी?"

"अगं आई, कॅमेरा तिथंच ठेवतात. जगात सगळीकडे तिथंच ठेवतात!"

"ठेवेनात का. जग इथं राहायला येणार आहे का? माझा दिवस बसून जातो. बसल्यावर मला काय दिसेल ते दाखव."

"काही वेगळं दिसणार नाहीये."

"मग दाखवायला काय जातं तुझं?"

फिरकीचं डोकं सणकलं. एवढं काम केलं, सगळ्या गल्लीनं वाहवा केली, आणि घरातलीच बाई नाक मुरडते! केवळ आईचं तोंड बंद करायचं म्हणून ती कॉम्प्युटरवर बसली. सोफा उडवला. खिडकीखाली बुटकं स्टूल ठेवलं, कारण त्यांच्या वाट्याला चौथा मजला आलेला, दाराबाहेर अंधारा जिना, उजेड यायला जागा ती एकच. कॅमेरा खाली ओढला, बसलेल्या आईच्या डोळ्यांपर्यंत. "घे, बघ," असं पुटपुटत बटण दाबलं. पंखा घरघरला. चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरत आलं.

फिरकी पुढं वाकून बघायला लागली.

समोर भिंत होती. नुसती भिंत. खिडकीचा कट्टा आईच्या डोक्याच्याही वर गेला होता. ऊन येत होतं, नाही असं नाही, पण ते आईच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडच्या भिंतीवर पडत होतं. स्टूल, मांडी, हात, सगळं सावलीत. या उजेडात सुईत दोरा ओवणं सोडा, चेन कुठली आणि पट्टा कुठला हेही कळलं नसतं. मधोमध उभ्या राहणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच दिसणार नव्हतं, कारण ती उंची फिरकीनंच निवडली होती.

आईनं पाहिलं. परत दोरा ओवायला घेतला आणि म्हणाली, "दिवा लावून बसेन दिवसाचा. काय करणार."

हे वाक्य फिरकीला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आई आयुष्यात कशाला "काय करणार" म्हणाली नव्हती.

तिनं बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कट्टा मी मुद्दाम उंच घेतलाय. चार मजले आहेत, लहान मुलं चढतात, वाकतात. खाली घेतला तर बाहेरून मजबूत ग्रिल लागेल. ग्रिलला बिल्डर तयार नाही. मी दोनदा मागून पाहिलंय."

"वस्तीनं मागितली तर?"

"वस्तीनं मागितली तर मी कागदावर काढून देईन. पण वस्तीला कळायला हवं की काय मागायचं."

इस्त्रीला मात्र कुठून तरी वास लागला. सभेच्या आधी तो दारात हजर. "हे बघ, पहिलं चित्र दाखवायचं. तेवढंच. तुला चित्रं काढायला घेतलंय, मतं मांडायला नाही. आमच्या पुढच्या तिन्ही इमारती तुझ्याकडेच यायच्या आहेत, विसरू नकोस."

"आधी मला 'अहो' म्हणा," फिरकी म्हणाली. "मग बाकीचं बघू."

तो हसत निघून गेला. तिचा पारा चढलेलाच राहिला, पण मनातल्या मनात ती हिशेबही मांडत होती. तीन इमारती म्हणजे थट्टा नव्हती. भाऊ म्हणाला, "ताई, सोडून दे. आईला चांगला दिवा आणू." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो टेम्पोची किल्ली घेऊन मुकाट बाहेर पडला.

सभा गवंडीकाकांच्या सामानाच्या शेडमध्ये भरली. पांढरी चादर ताणली, कॉम्प्युटरला प्रोजेक्टर जोडला. फिरकीनं पहिलं चित्र दाखवलं. टाळ्या पडल्या. इस्त्रीनं घसा साफ केला, "तर मग मंडळी, हात..."

"थांबा," फिरकी म्हणाली. "आता सगळ्यांनी खाली बसा."

"खुर्च्या आहेत की," मागून कुणीतरी.

"खुर्चीवर नाही. खाली. रोज कामाला बसता तसं."

लोक हसले, कुरकुरले, एकमेकांना ढकलत बसले. बाईही बसल्या, नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन. उभा राहिला तो एकटा इस्त्री. फिरकीनं दुसरं चित्र लावलं आणि सावकाश फिरवलं. दार. कपाट. पलीकडची उन्हाची भिंत. मग खिडकीची बाजू.

बसलेल्या लोकांनी माना उंचावल्या, तरी समोर भिंतच.

"ही तीच खोली," फिरकी म्हणाली. "रंग तोच, माप तेच. आधीचं मी उभ्यानं काढलं होतं, हे बसून काढलंय. आपल्यातलं कोण दिवसभर घरात उभं असतं?"

शिलाई करणारी एक बाई म्हणाली, "अगं बाई, हे तर तळघर झालं." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मला खाटेवरून बाहेरचं काहीच दिसायचं नाही मग." आवाजात आवाज मिसळला.

इस्त्रीचा चेहरा पहिल्यांदाच चुरगळला. "हे मंजूर चित्र नाही! हिनं मनानं काढलंय!"

"डोळ्यांनी काढलंय," आई मागून म्हणाली. "माझ्या."

हशा उसळला. गवंडीकाका उठले. "कट्टा खाली घ्या. बाहेरून ग्रिल भिंतीत गाडा, नुसती स्क्रूवर नको, पोरं लटकतील. मी लावून दाखवतो. बाई, होतं का?"

"होतं," बाई म्हणाल्या. "ऑर्डर अजून गेलेली नाही. नकाशा आत्ता बदलते."

"आणि ग्रिल कोण देणार?" इस्त्री ओरडला.

"तुम्ही," सगळी शेड एकदम म्हणाली. ठरवून म्हटलं असतं तरी इतकं एका सुरात जमलं नसतं.

इस्त्री मोबाइल कानाला लावून बाहेर गेला. बराच वेळ येरझाऱ्या घातल्या, मान डोलावली, कपाळ पुसलं. आत आला तेव्हा बाईंकडे बघून एवढंच म्हणाला, "लिहा ग्रिल." मग फिरकीकडे वळला. "आमच्या इमारती मात्र विसरा."

"'विसरा' म्हणालात," फिरकी म्हणाली. "सुधारताय."

लोकांनी मात्र नुसत्या लिहिण्यावर हात वर करायला साफ नकार दिला. आधी बघू म्हणाले. मग फिरकीनं तिथंच, सगळ्यांसमोर, खिडकीचा कट्टा धरला आणि खाली ओढला. बाई आकडे सांगत होत्या, काका ग्रिलच्या गजांमधलं अंतर सांगत होते. तिनं बटण दाबलं. पंखा घरघरायला लागला. वस्ती जमिनीवर बसून वाट बघत राहिली. वरून एक पट्टी आली, मग दुसरी. आभाळ आलं. समोरच्या झाडाचा शेंडा आला. मग ऊन खिडकीतून आत शिरलं आणि खाली, आणखी खाली येत थेट स्टुलावर पडलं.

कुणीतरी शिट्टी मारली. भराभर हात वर झाले. शिलाईवाली, खाटेवरचे आजोबा, गवंडीकाका, सगळ्यात मागून भावाचा हात, तो तर दोन्ही वर करून उभा. बाईंनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या.

आईचा हात खालीच होता. तिनं फिरकीकडून मोबाइल मागून घेतला होता आणि काळ्या बोटानं खोली सावकाश सरकवत होती. खिडकी पाहिली. दार पाहिलं. कपाट, छत, जमीन पाहिली.

"चला मावशी, करा हात वर," इस्त्री चुळबुळत म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत," आई मान वर न करता म्हणाली. "माझी लेक अख्खी खोली दाखवतेय. माझ्या पाठीमागचं बघायचं राहिलंय अजून."

आणि सगळी सभा वर केलेले हात तसेच धरून थांबली. फिरकी आईमागे जाऊन उभी राहिली, मग काय वाटलं कोण जाणे, तिच्याशेजारी जमिनीवर बसली. आईनं खोलीचा पुरता फेरा घेतला, परत खिडकीशी आली, मोबाइल लेकीच्या मांडीवर ठेवला आणि मग हात वर केला.