कागदावर नसलेली गाडी

‘बसत नाही, टेकतो जरा,’ असं म्हणून तो खुर्चीच्या अगदी काठावर टेकायचा. चपला पायातच, किल्ल्या हातातच. चहा टेबलावर येईपर्यंत तो उठून आमच्या पंख्याखाली मान तिरकी करून उभा असायचा. ‘बेअरिंग गेलंय भिया. ऐकू येत नाही का तुला?’ मला ऐकू यायचं नाही. पण थोड्याच वेळात पंखा जमिनीवर उतरलेला असायचा, माझी बायको त्याच्याखाली वर्तमानपत्र सरकवत असायची आणि चहा शिडीच्या पायरीवर निवत असायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काहींच्या पायाला भिंगरी असते, याच्या हातांना होती.

देवासच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. तो मेंटेनन्सला, मी स्टोअरला. कॉलनीत घरंही समोरासमोर. मूळचा तो धारचा. आजोबा तिथल्या दरबारच्या मोटारखान्यावर होते, आणि त्यांच्या घरी सणावाराला अजून जुनं, भारदस्त मराठी ऐकू यायचं. हा मात्र उंबरठा ओलांडला की मराठी, हिंदी आणि माळवी एकाच वाक्यात कोंबायचा. भेटेल त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचा, म्हणून सगळे त्यालाच भिया म्हणायला लागले. फक्त त्याची बायको ‘अहो’ म्हणायची. त्या एका ‘अहो’ला तो थबकायचा. निदान घटकाभर.

वहिनी आरोग्य खात्यात होत्या. बागलीच्या पलीकडे माळव्याचं पठार संपतं आणि डोंगर नर्मदेकडे उतरू लागतात. तिथल्या वस्त्यांवर त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. बाळंतपणं, लसी, तापाच्या गोळ्या. जीप जाईल तिथवर जीपने, पुढे पायी. त्यांच्याबद्दल बोलताना भिया एरवीपेक्षा हळू बोलायचा. ‘ती चालते भिया. मी फक्त फिरतो,’ असं एकदा म्हणाला होता.

पुढे कारखान्यातला आमचा विभाग बंद झाला आणि आम्ही दोघे एकाच दिवशी घरी बसलो. म्हणजे मी बसलो. त्याने आधी स्वतःच्या घरातलं सगळं उघडून पुन्हा जोडलं, मग कॉलनीतलं. पाण्याची मोटर, देवळातला स्पीकर, शेजारच्या जोशीकाकूंचं शिवणयंत्र. काकूंचं यंत्र चांगलं चालत होतं, ही त्यांची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

त्याच वर्षी वहिनींना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. बोलणं राहिलं, पण शब्द जरा जड झाले. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं आवरून द्यायची आणि त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवून जायची. आणि हा माणूस, ज्याला यंत्रातला नसलेला बिघाडसुद्धा सापडायचा, तो त्यांच्याजवळ पाच मिनिटं थांबू शकत नव्हता. औषध द्यायचा, उशी नीट करायचा आणि बाहेर पडायचा. उघडून पुन्हा जोडता येणार नाही असं काहीतरी त्याच्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

एके दिवशी डोंगरातल्या एका वस्तीवरून चारपाच बायका त्यांना बघायला आल्या. बस बदलत बदलत देवासला आल्या होत्या, येताना मक्याची कणसं घेऊन. वहिनींना तिकडे सगळे बेनजी म्हणायचे. एक म्हातारी त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चोळत बसली. निघताना म्हणाली, ‘बेनजी, एक बार ऊपर आना.’ त्या गेल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘एकदा वर जाऊन यायचं होतं खरं.’ बाकी काही नाही. पण भियाला तेवढं पुरलं.

वस्तीपर्यंत रस्ता नव्हता. गाडवाट, मग नाला, मग दगडांचा उभा चढ. नेहमीची जीपसुद्धा नाल्याशी हात टेकायची. म्हणून भियाने ठरवलं की गाडी आपणच बनवायची. चारही चाकांना जोर असलेली, डिझेलवर चालणारी, उंच ट्रकासारखी, आणि वहिनींना आडवं पडून जाता येईल एवढी ऐसपैस. नवी घेण्याची भाषा त्याने एकदाही केली नाही. भंगारात सगळं आहे भिया, फक्त बिखरलेलं आहे, असं त्याचं म्हणणं.

मग त्याचं फिरणं सुरू झालं. लिलावात निघालेल्या एका जुन्या ट्रकची चासी त्याला सरदारपूरजवळ एका शेतात सापडली, तिच्यातून बाभूळ उगवली होती. इंजिन पीथमपूरच्या भंगारवाल्याकडून, उलटलेल्या पिकअपचं. पुढच्या चाकांना जोर देणारा अ‍ॅक्सल कुठल्याशा जुन्या जीपचा. राजगढला यात्रेकरूंची एक बस मोडीत निघाली होती, तिची मऊ सीट त्याने टेम्पोपर्यंत डोक्यावरून वाहून आणली आणि वाटेत दोघांनी देवाचं आसन समजून त्याला नमस्कार केला असं तो सांगायचा. धारला चुलतभावाच्या अंगणात हा माल साठायचा आणि तिथून देवासला यायचा. मी बहुतेक वेळा बरोबर असे. गाडीत बसल्यावर तो बोलायला लागला की माझं काम एवढंच, की समोर म्हैस आली तर सांगायचं.

त्याच्या अंगणात तुळशी वृंदावन आणि फाटक यांच्यामध्ये तो सांगाडा उभा राहिला. वहिनींच्या खिडकीसमोर. वेल्डिंगच्या ठिणग्या, हातोड्याचे घाव, काळं तेल. आज लावलेला गिअरबॉक्स परवा पुन्हा खाली. स्प्रिंगचे पाटे चढवले, उतरवले, एक पाटा वाढवून पुन्हा चढवले. गाडी पुरी होत आली की त्याला कुठला तरी आवाज ऐकू यायचा आणि ती पुन्हा उघडली जायची. कॉलनीने आधी कौतुक केलं, मग तक्रार केली, मग सवय करून घेतली.

मला मात्र वेगळंच दिसायला लागलं होतं. एकदा मी खिडकीशी वहिनींजवळ बसलो होतो. बाहेर भियाचे फक्त पाय दिसत होते, बाकी तो गाडीखाली. वहिनी त्या पायांकडे बघत म्हणाल्या, ‘मला डोंगरावर न्यायला त्यांना गाडी लागते. हात धरून फाटकापर्यंत न्यायला काय लागतं हो, भाऊजी?’

आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच मला तिथे बसवेना. मी बाहेर गेलो आणि ते वाक्य जसंच्या तसं भियाला सांगितलं. तो गाडीखालून बाहेर आला नाही. पान्याचा आवाज तेवढा थांबला. मग तो म्हणाला, ‘तिच्याकडे बघितलं की वाटतं, मी काही करू शकत नाही. इथे निदान काहीतरी सुटतंय, काहीतरी बसतंय.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हात साबणाने घासघासून धुऊन आला आणि वहिनींना धरून फाटकापर्यंत घेऊन गेला. मग रोजच. त्या एक एक पाऊल टाकायच्या आणि हा त्यांना सावरत सावरत मान वळवून गाडीच्या रेडिएटरकडे बघायचा. ‘अहो, इकडे,’ असं म्हटलं की मान सरळ. चार दिवसांनी थोडी पुन्हा तिकडे. पण हात सुटला नाही.

गाडी अखेर झाली. दिसायला ती कशासारखीच नव्हती. तोंड जीपचं, धड ट्रकचं, पाठ बैलगाडीची. सुरू झाली की खिडक्यांची तावदानं वाजायची. परिवहन कार्यालयात तो दोनतीनदा जाऊन आला. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की इंजिन एका गाडीचं, चासी दुसरीची आणि वरचा भाग कोणाचाच नाही, अशी गाडी नोंदता येत नाही. रस्त्यावर आणली तर जप्त होईल. भिया घरी येऊन सांगत होता, ‘कागदावर ही गाडी नाहीच म्हणे. आपल्या अंगणात उभी आहे आणि नाहीच.’ वहिनी हसल्या. म्हणाल्या, ‘मग तिला रस्त्यावर नेताच कशाला? मला तर रस्ता संपतो तिथून पुढे जायचंय.’

ते खरंच होतं. आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याची बागलीच्या पुढे शेती होती. गाडी एका मोठ्या ट्रेलरवर चढवून तिथे नेली. आम्ही तिघे मागून माझ्या गाडीने गेलो. शेताच्या बांधापासून पुढे गाडवाट लागत होती आणि तिथे कोणी कागद मागणारं नव्हतं.

नाला गाडीने सहज ओलांडला. पाणी चाकांच्या वर आलं, भियाने ओठ घट्ट मिटले, वहिनींनी बसच्या सीटवर डोळे मिटले, मी देवाचं नाव घेतलं आणि आम्ही पलीकडे. चढ सुरू झाला तशी वस्तीवरची माणसं वर गोळा झालेली दिसली. अर्ध्या चढावर गिअर निसटला. भियाने पुन्हा टाकला, पुन्हा निसटला. मग गाडी घरघरली आणि जागीच थांबली. तो खाली उतरला, गाडीखाली शिरला, बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता. एवढं सगळं या चढापर्यंत आणलं आणि आता ते त्याच्या हातून सुटत होतं. ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल,’ तो म्हणाला. ‘इथेच उतरवतो. संध्याकाळपर्यंत होईल.’

वहिनी सीटवरून म्हणाल्या, ‘अहो, काही उतरवू नका. ते बघा कोण येतंय.’

वरून बैलांच्या दोन जोड्या खाली येत होत्या. त्या म्हातारीनेच पाठवल्या होत्या. गाडीच्या पुढच्या हुकाला दोर बांधले गेले. पीथमपूरचं इंजिन, सरदारपूरची चासी आणि राजगढची सीट बैलांनी वर ओढली. वहिनी मध्यभागी, लग्नाच्या वरातीत बसल्यासारख्या, आणि मागून मान खाली घालून चालणारा भिया. वहिनींनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. झटक्यानंतर त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं व्हायचं, म्हणून त्या चारचौघांत हसायचं टाळायच्या. त्या दिवशी टाळलं नाही. भिया चिडला, मग त्यालाही हसू यायला लागलं, आणि मग तो हसतोय की रडतोय हे आम्ही कोणी बघितलं नाही.

दिवसभर बायका येत राहिल्या. आपापली पोरं पुढे करून, हा तुमच्या हातचा, ही तुमच्या हातची, असं सांगत राहिल्या. त्यातल्या काही पोरांना मिशा फुटल्या होत्या.

गिअरबॉक्स भियाने नंतर दुरुस्त केला. हिवाळ्यात गाडी स्वतःच्या जोरावर वर गेली आणि वहिनी आठवडाभर तिथे राहून आल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. त्या वेळी भिया त्यांच्या उशाशी होता. कुठेही गेला नव्हता.

दिवसवार झाल्यावर त्याचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा त्याला तिकडे घेऊन गेला. आठवडा व्हायच्या आत परत आला. तिथे सगळे नळ बंद करून बघितले, सगळे स्क्रू आवळले, आता काय करू, असं मला विचारलं. मग एका पिशवीत कपडे आणि दुसरीत हत्यारं घेऊन बागलीच्या बसमध्ये चढला. सोबत्याच्या शेतातल्या खोलीत राहू लागला. पावसात नाला चढला की वस्तीची वाट तुटायची, आणि तेव्हा गाडी आजारी माणसांना अलीकडे पक्क्या रस्त्यापर्यंत आणू लागली.

तिकडे फोन फक्त एका खडकावरून लागायचा. आठवड्याला एखादा यायचा. दरवेळी मागणी असायची. हे सील पाठव, तो पट्टा पाठव, नीट बघून घे, मागच्या वेळी तू भलताच आणलास. एकदा मात्र सुरुवातीला बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग म्हणाला, ‘आज एका बाईला आणत होतो. नाला ओलांडला, पण अलीकडे थांबावं लागलं. बरोबरची म्हणाली, गाडी बंद करा आणि लांब जा. मी बंद केली. लांब जाऊन उभा राहिलो.’

‘मग?’

‘मग आवाज आला.’ पुन्हा वारा. ‘मुलगी आहे. आवाज एक नंबर. ती असती तर,’ एवढं म्हणून तो थांबला. मग नेहमीच्या सुरात म्हणाला, ‘बरं, ते पुढच्या चाकाचं सील अजून पोचलं नाही.’

सील पोचलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सोबत्याचा फोन आला. सकाळी भिया नाल्याचं पाणी किती चढलंय बघायला गेला होता. तिथेच काठावर छातीत कळ आली. बागलीपर्यंत त्याला त्याच गाडीतून आणलं. पक्क्या रस्त्यावरूनसुद्धा आणलं, कोणी अडवलं नाही. पण उशीर झाला होता.

सगळं उरकल्यावर मुलगा मला घेऊन तिकडे गेला. भियाचं सामान म्हणजे दोन पिशव्याच होत्या. गाडीचं काय करायचं, असं मुलाने विचारलं. सोबती म्हणाला, जी कागदावर नाही ती तुझ्या नावावर तरी कशी करणार? वस्तीवरचे दोघेजण ती चालवायला शिकले होते. ती आम्ही तिथेच ठेवली.

परतताना मुलाच्या नव्या गाडीत कसलाच आवाज होत नव्हता. बागली मागे पडली. मग त्याने विचारलं, ‘काका, बाबा तिथे सुखात होते का?’

मी विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, ‘सुखात होता का ते नाही सांगता येत. घाईत होता.’

तो हसला. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसून राहिला. मागून आलेला सोयाबीनने भरलेला एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून देवासच्या दिशेने निघून गेला.